कार्टमधली लेन्स

रात्री एक वाजता मी पुन्हा तोच रिव्ह्यू बघत होतो. ५० एमएम घेऊन झाली होती, आता ८५ हवी होती. कार्टमध्ये टाकायची, ईएमआय मोजायचा, काढून टाकायची, महिनाभर हेच.

कंटाळून लाइटरूममध्ये वर्षभरातले आवडते फोटो लेन्सनुसार लावले. बहुतेक कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ चे. ५० एमएमचे मोजून अकरा. कार्तिए-ब्रेसाँनं बहुतेक काम एका ५० एमएमवर केलं, हे मला पाठ होतं. उपयोग शून्य.

मग बाबांच्या सायकल दुकानाचे फोटो शोधले. नव्हतेच. "एकदा दुकानाचे नीट फोटो काढ रे," बाबा म्हणायचे. "आत अंधार असतो बाबा, चांगली लेन्स येऊ द्या," मी म्हणायचो. लेन्स आली, पण तोवर मी पुढच्या लेन्सचे रिव्ह्यू बघत होतो. दिवाळीनंतर दुकान बंद झालं.

सकाळी बाबा जिन्याखाली शेजारच्या पोराच्या सायकलचं पंक्चर काढत होते. उजेड कमीच. आयएसओ ३२०० केला आणि हाताशी होती ती किट लेन्स लावून फोटो काढले. दाणे दिसतायत, पण बाबांचे हातही दिसतायत.

८५ अजून कार्टमध्येच आहे. खोटं कशाला बोलू?