गळ, खाडी आणि नंबरचा गॉगल

मुलांनो, तुमच्या या गुरुजींना रविवारी खाडीवर गळ टाकून बसायचा नाद आहे. डोळ्यांचा नंबर उणे तीन! साधा गॉगल लावला, तर पाण्यावरचं बूचसुद्धा दिसत नाही. म्हणून नंबरचाच करायचा ठरवलं. दुकानदार गडद काच पुढे करी, मी मात्र पोलराइज्डच मागितली. पाण्यावरून येणारी चमक बहुतांशी आडवी कंप पावते; ही काच नेमकी तीच अडवते. अशा दोन काचा एकमेकींवर धरून एक काटकोनात फिरवा, काळोख! उथळ, गढूळ पाण्याला तपकिरी रंग बरा. किंमत ऐकून घरी दोन दिवस अबोला होता. पण काच पॉलिकार्बोनेटची, सहसा न फुटणारी. लेकीला नंबर नाही, तरी तिलाही तसलाच गॉगल घेतला. झटका बसून उडालेला गळ कुणाचा डोळा पाहून थोडाच थांबतो?