गुलाबी पाणी

परवा रात्री जेवताना लेकीने जाहीर करून टाकलं, "बाबा, मी एमपीएससीचा क्लास सोडतेय. मला सीबीआयमध्ये जायचंय."

आमच्याकडे अशा बातम्या जेवतानाच फुटतात. बायकोचा भाकरी वाढणारा हात थांबला. आई मात्र खूष! "जाऊ दे की. आपले सुशीलकुमार न्हाईत का, कोर्टात शिपाई होते, मग फौजदार झाले, आन् शेवटी सगळ्या देशाच्या फौजदारांचे साहेब!"

सोलापुरात कुणी पोलीस व्हायचं म्हटलं की हे उदाहरण येतंच. खोटंही नाही ते. सुशीलकुमार शिंदे इथल्या कोर्टात साधी नोकरी करत होते, १९६५ च्या सुमारास फौजदार झाले आणि २०१२ ते २०१४ देशाचे गृहमंत्री होते. (सीबीआय गृहखात्याकडे नसून कार्मिक खात्याकडे असते, हे आईला सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.)

मला वाटायचं, सीबीआयमध्ये थेट जाताच येत नाही. आयपीएस व्हायचं, मग सरकार पाठवेल तर जायचं. लेकीने माझं अज्ञान दूर केलं. कर्मचारी निवड आयोगाची सीजीएल नावाची परीक्षा असते. इन्कमटॅक्स आणि कस्टम्सचे इन्स्पेक्टर जिथून जातात, तिथूनच सीबीआयचे सबइन्स्पेक्टरही. कुठल्याही शाखेची पदवी चालते. वय वीस ते तीस. मुलींना उंची १५० सेंटीमीटर, चष्मा असला तरी चालतो. मुलाखत २०१६ पासून बंदच आहे, म्हणजे ओळखपाळख, वशिला हा विषयच नाही. प्रश्नपत्रिका मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत. आमची लेक दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. "त्याचं मी बघते," म्हणाली.

"पण हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं. गुलाबी पाण्याचं."

माझा घास तसाच राहिला.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बँकेत नोकरीला. एका सकाळी साहेबांनी बोलावलं आणि सांगितलं, सरकारी कामाला साक्षीदार हवेत, तू आणि अजून एकजण जा. कुठे, कशासाठी, काही नाही. गेलो तर पुण्याहून आलेलं सीबीआयचं पथक! केंद्र सरकारच्या एका कार्यालयातल्या माणसाने लाच मागितल्याची तक्रार होती. (राज्य सरकारचा माणूस असेल तर राज्याचं लाचलुचपत खातं येतं. केंद्राचा असेल तर बहुधा हे. मलाही तेव्हाच कळलं.)

आधी त्यांनी आम्हाला प्रात्यक्षिक दाखवलं. नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पूड चोळली. सोड्याच्या पाण्याचा एक ग्लास ठेवला, अगदी स्वच्छ पाणी. नोट हाताळलेली बोटं त्यात बुडवली आणि पाणी क्षणात गुलाबी झालं. दुपारी तेच पाणी, तोच रंग, फक्त बोटं त्या माणसाची. बाटल्यांवर लाख लागली, आमच्या सह्या झाल्या. पंचनामा लिहिता लिहिता रात्र झाली. सिनेमातल्यासारखं काहीही नव्हतं. पिस्तूल नाही, पळापळ नाही. होते ते कागद, कागद आणि कागद.

घरी येऊन ही गोष्ट मी लेकीला रंगवून सांगितली होती. सात-आठ वर्षांची असेल. जादूचा प्रयोग सांगावा तशी सांगितली. नंतर कितीदा तरी "बाबा, गुलाबी पाणी" म्हणून हट्ट करून ऐकायची.

पण मी तिला अर्धीच गोष्ट सांगितली होती.

त्या रात्री पथक त्या माणसाच्या घराची झडती घ्यायला गेलं, आणि पंच म्हणून मीही. दोन खोल्यांचं घर. बायको भिंतीला टेकून उभी. कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेली मुलगी, माझ्या लेकीच्याच वयाची. कपाट झालं, गाद्या झाल्या, डबे झाले. शेवटी राहिलं तिचं दप्तर. तपास अधिकारी पन्नाशीचे, बारीक अंगाचे गृहस्थ होते. त्यांनी शिपायाला थांबवलं, स्वतः खाली बसले आणि म्हणाले, "बेटा, तुझं दप्तर तूच दाखव मला." तिने एकेक वही काढून ओळीने मांडली. कंपासपेटीसुद्धा उघडून दाखवली. काही सापडलं नाही. त्यांनी सगळं पुन्हा नीट भरून दिलं. बाहेर आल्यावर बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

तो माणूस दोषी होता. पैसे घेतल्यावर त्याचे हात माझ्यासमोरच धुतले होते. पुढे काही वर्षांनी कोर्टात साक्षही दिली. तेव्हा तो पार पिकला होता. त्याच्याकडे बघून बोलायचं धाडस मला झालं नाही, मी न्यायाधीशांकडे बघत बोललो. आजही डोळ्यासमोर येते ती कंपासपेटी, तो नव्हे.

तर काल संध्याकाळी लेकीला सिद्धेश्वर तलावाच्या काठी घेऊन गेलो आणि उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. खरं सांगतो, हेतू शुद्ध नव्हता. तिने घाबरावं, निदान फेरविचार करावा असं मनात होतं. बदल्यांची भीती, पोरीच्या जातीची काळजी, हे सगळं तिची आई बोलतेच. माझी भीती वेगळी होती. ज्या हाताला मी लिहायला शिकवलं, त्या हाताने कुणाच्या तरी घरातली कपाटं उघडावीत, हे मला सोसेना.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते शिपायाला थांबवून स्वतः खाली बसले, हे कुठल्या नियमात असतं का?"

"नाही गं. नियमात कसं असेल?"

"मग ते जाणाऱ्यावरच अवलंबून असणार," एवढंच म्हणाली.

मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. ती पास होईल की नाही कुणास ठाऊक, लाखो पोरं बसतात या परीक्षेला. पण आज सकाळी साडेपाचला तिच्या खोलीत दिवा दिसला. गणितं सोडवत होती. मी गुपचूप चहा ठेवून आलो. परीक्षेचं केंद्र तिने पुण्याचं टाकलंय. हुतात्मा एक्सप्रेसने मी सोबत जाणार आहे, हे मात्र मी तिला विचारलेलं नाही. सांगितलंय.