चोवीस चौकोनांची गोधडी

गोधडी ही काही मुद्दाम जपून ठेवण्याची वस्तू नव्हे. ती अंगावर घ्यावी, उन्हात टाकावी, धुवावी, विरली की तीवर दुसरे लुगडे चढवावे आणि अखेर उंबऱ्याशी पायपुसणे म्हणून तिचा शेवट व्हावा, हाच तिचा धर्म. संस्कृतात जिला कंथा म्हणतात व बंगालात जिची कांथा झाली, तिचेच हे आपल्याकडील रूप. कोल्हापूरकडे आणि कोकणात तिला वाकळ म्हणतात. असे असता आमच्या घरची एक गोधडी जवळजवळ सत्तर वर्षे टिकून आहे. याचे श्रेय आमच्याकडे नाही. आजीने ती कोणास मोकळेपणाने पांघरू दिलीच नाही. आजीमागून ती आईकडे आणि आईमागून भोपाळच्या साकेत नगरात आमच्याकडे आली. भेलच्या वसाहतीला लागून असलेले हे नगर. २०१२ साली येथे एम्स रुग्णालय सुरू झाल्यापासून रिक्षावाल्यास पत्ता समजावून सांगावा लागत नाही, एवढीच त्याची थोरवी. येथील गच्चीवर पौषाच्या उन्हात ती गोधडी प्रथमच पुरती उलगडून पाहिली, आणि हे काम साध्या शिवणकामाचे नव्हे, हे ध्यानी आले.

पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब. चार उभ्या रांगा, प्रत्येकीत सहा चौकोन. एरवी गोधडीत सर्व थर एकत्र टाचून एका टोकापासून धावदोरा घालीत जातात. येथे तसे नाही. प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे भरून, शिवून, मग शेजारच्या चौकोनास जोडला आहे. आणि चोवीस चौकोनांतील टाके चोवीस तऱ्हांचे आहेत. कोठे तांदळाच्या दाण्याएवढे दाट, तर कोठे घाईघाईने घातलेले लांबलचक. सात चौकोनांच्या कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने एकेक अक्षर भरलेले. बाकीच्यांवर काहीच नाही.

तिची जन्मकथा मात्र घरात ठाऊक होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, आणि सचिवालयातील कित्येक मराठी कुटुंबांस बाडबिस्तरा बांधून इटारसीवरून नर्मदा ओलांडावी लागली. आजोबा त्यांपैकी एक लहानसे कारकून. निघण्यापूर्वी आजीच्या शेजारणींनी आपापल्या लुगड्याचा एकेक तुकडा काढला, घरी नेऊन शिवला आणि परत आणून दिला. भोपाळास थंडी फार, असे त्यांनी ऐकले होते. पुढे त्यांतल्या काही मुंबईस गेल्या, काही जबलपुरास (उच्च न्यायालय तिकडेच गेले), काही नागपुरातच राहिल्या. पुन्हा चोवीसजणी एका जागी जमल्या नाहीत.

परदेशात अशा गोधड्यांची रीतच होती. अमेरिकेत १८४०च्या सुमारास मैत्रिणींनी एकेक तुकडा शिवून त्यावर न पुसणाऱ्या शाईने आपले नाव लिहावे आणि दूर जाणारीस तो संच द्यावा, असा प्रघात पडला. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात १९४२ साली जपान्यांच्या कैदेतील स्त्रियांनी अशाच गोधड्या केल्या. प्रत्येकीत ६६ चौकोन, प्रत्येक चौकोनावर नाव. वेगळ्या छावणीत कोंडलेल्या पुरुषांस आपण जिवंत आहोत एवढे कळावे, हा त्यात हेतू होता. त्यांपैकी दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहेत. तेथे नावे असल्यामुळे अभ्यासकांस माग काढता आला. आमच्यापाशी मात्र सात अक्षरे.

नागपुरास आमच्या आत्याबाई आहेत. १९५६ साली त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळची ओसरी पाहिलेले एवढे एकच माणूस आता उरले आहे. त्यांच्यापुढे आम्ही चौकोनांची छायाचित्रे मांडली. त्यांना पुष्कळ बायका आठवल्या, पण कशा? ‘हिशेबनीसांच्या’, ‘टोकाच्या घरातल्या’, ‘कारवारच्या काकू’, ‘त्या उमरेडच्या’. नाव एकीचेही नाही! आम्ही जुन्या छापील सिव्हिल लिस्टा चाळल्या. त्यांत अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे, नेमणुकीच्या तारखा. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या बाईचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

तेव्हा कापडालाच विचारावे असे आमच्या घरातून सुचविण्यात आले. या बाबतीत सौभाग्यवतींची दृष्टी आमच्यापेक्षा तीक्ष्ण, हे मान्य केलेले बरे. नऊ-दहा तुकडे नागपूर-भंडाऱ्याकडील हातमागाचे निघाले. त्यांतील दोघांस करवतीच्या दात्यांसारखा काठ, म्हणजे विदर्भातील प्रसिद्ध करवतकाठी. दोन इरकली. एक माहेश्वरी, तिचा काठ दोन्ही अंगांनी सारखा दिसे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरास विणकर वसविले, त्या परंपरेतील हे लुगडे नागपूरच्या कारकुनाच्या घरी माहेराहूनच आले असले पाहिजे. भरण बहुतेक जुन्या धोतरांचे. कापड गाव सांगते, ऐपत सांगते, क्वचित माहेरही सांगते. यापुढे ते मुके.

पहिला धागा लागला तो डावऱ्या हातामुळे. ‘व’ अक्षराच्या चौकोनात, अक्षर सुलट धरले असता, प्रत्येक ओळीच्या आरंभाची गाठ डावीकडे येते. उजव्या हाताने शिवणारी बाई उजवीकडून निघते. हे सांगताच आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलीची आई! तिला पंगतीत कधी वाढू देत नसत रे. डाव्या हातानं वाढेल म्हणून पाणी भरायला बसवीत.” देवळाच्या पंगतीत ज्या हातास मज्जाव होता, त्याचे टाके सर्व गोधडीत सर्वांत सुबक आहेत. माणूस सापडले, परंतु त्या बाईंचे सासरचे नाव ‘व’ने सुरू होत नव्हते. हे कोडे तसेच राहिले.

दुसरा चौकोन खणाचा, गुळेदगुड्डच्या विणीचा, ‘य’ अक्षराचा. तो वरच्या रांगेत आहे, आणि गोधडीची झीज पाहता तेवढी रांग उशाकडे ठेवण्याचा परिपाठ स्पष्ट दिसतो. आत्याबाईंनी कारण सांगितले. तो देवीच्या ओटीतील प्रसादाचा खण. उमरेडच्या बाईंनी तो दिला तेव्हा, प्रसादास पाय लागतील, असे कोणी तरी म्हणाले. आजीने त्यावर वाद घातला नाही. उशाची बाजू ठरवून टाकली.

तिसरीचा शोध आम्हांस गोव्यापर्यंत घेऊन गेला. ‘स’ अक्षराच्या चौकोनातील टाके कडेकडेने फिरत आत मध्यापर्यंत येतात, आणि चारी कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाची इवली त्रिकोणी ठिगळे बसविली आहेत. अशी शिवण मराठी मुलखातील आमच्या पाहण्यात नव्हती. ही रीत हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियांच्या कवंडीची. हे लोक आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, घरी कोंकणीचाच एक प्रकार बोलणारे. त्या त्रिकोणांस त्या फुले म्हणतात, आणि फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते. मग ‘कारवारच्या काकू’ आठवल्या. ज्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात आले, त्याच दिवशी कारवार त्या राज्यातून म्हैसूरकडे गेले होते. एका दिवसात दोघी शेजारणींचे मुलूख बदलले.

त्यांचे आडनाव आत्याबाईंस स्मरत नव्हते. कुलदेवता मात्र कवळ्याची शांतादुर्गा, एवढे पक्के होते. आम्ही कवळ्यास गेलो. महाजनांच्या नोंदीत पुरुषांचीच नावे असावयाची, तेव्हा तेथे फारशी आशा नव्हती. पण केळोशीहून सोळाव्या शतकात देवीच स्थलांतर करून जेथे आली, तेथे गाव सोडून गेलेल्यांची आठवण ठेवणारी माणसे असतात. नागपुरास सरकारी नोकरीत असलेले एक कारवारी कुटुंब एका वृद्ध गृहस्थांच्या स्मरणात होते. दोन महिन्यांनी त्या काकूंच्या कन्येशी आमची गाठ पडली. त्यांचे आजोळ येल्लापूरचे. तेथे घरी कामास येणाऱ्या सिद्दी बाईकडून आईने लहानपणी शिवण शिकल्याचे त्यांनी सांगितले. पण आईचे नाव ‘स’ने सुरू होत नव्हते. आम्ही अक्षर दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “तें आवयच्या कुळारच्या नांवाचें अक्षर.”

कुळार म्हणजे माहेर. आपल्याकडे लग्नात वधूचे नाव बदलण्याची चाल. तांदळावर नवे नाव लिहिले की जुने मागे पडते. हे आम्ही आत्याबाईंस कळविले, तेव्हा त्यांना इतकी वर्षे न आठवलेली एक गोष्ट आठवली. “अरे, दुपारी त्या ओसरीवर बसल्या की एकमेकींना भलत्याच नावांनी हाका मारायच्या. पुरुष घरी आले की बंद. आम्हां पोरांना वाटे, लाडाची नावं असतील.” डावऱ्या हाताच्या बाईंचे माहेरचे नाव ‘व’ने सुरू होते, हे त्यांच्या घराण्यातून कळले. उमरेडच्या बाईंचे ‘य’ने. ही पुरी नावे आम्ही येथे छापीत नाही. त्यांच्या लेकीसुनांची तशी इच्छा आहे. आम्ही ती सुती कापडाच्या पट्टीवर लिहून गोधडीच्या अस्तरास टाचली आहेत.

खालच्या रांगेतील शेवटचा चौकोन आजीच्या स्वतःच्या लुगड्याचा आहे. ते लुगडे आत्याबाईंनी ओळखले. त्यावर ‘ग’ आहे. आजीचे आम्हांस ठाऊक असलेले नाव ‘र’ने सुरू होते. आमच्या घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची आहे, पण आजी त्यात सासरच्या नावाने येते आणि तिचे माहेर केवळ आडनावाने. तिच्या भावंडांपैकी कोणी हयात नाही. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तिच्या वडिलांच्या यात्रेची नोंद असल्यास मुलीचे नाव मिळण्याची शक्यता आहे. चैत्रात तेथे जाण्याचे आम्ही योजिले आहे.

राहिले वीस चौकोन. त्यांतील तिघांवर अक्षरे आहेत. ‘द’ हिरव्या इरकलीवर, तांबड्या काठाजवळ. ‘ल’ पांढऱ्या जमिनीच्या करवतकाठीवर. आणि पुन्हा एक ‘ल’, त्या माहेश्वरीवर, वेलांटीसारखा झोकदार, बहुधा मोडीची सवय असलेल्या हाताचा. ज्या वाचकांच्या घरची आजी, पणजी किंवा मावशी १९५६पर्यंत नागपूरच्या सरकारी घरांत राहत होती, त्यांनी तिचे माहेरचे नाव विचारून पाहावे आणि यांपैकी एखादे जुळत असल्यास संपादकांमार्फत कळवावे. कापडाचे छायाचित्र आम्ही पाठवू.