मेलबर्नचा सूर्यास्त

लेक किंवा मुलगा मेलबर्नला स्थायिक झाला, की बीड, आष्टी, अंबाजोगाईच्या पेढीवरील वडीलधाऱ्यांनाही तो प्रवास घडतोच. दिल्लीहून थेट विमान सुमारे 12 तासांचे. पूर्वेकडे जाताना सूर्य गावच्या घड्याळाआधीच मावळतो. जैन भोजन आगाऊ नोंदवले, तरी ताट सूर्यास्तानंतर आले तर चौविहार पाळणाऱ्यास त्याचा काय उपयोग?

उतरल्यावर सामानातील प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. खाकरा सहसा निभावतो; दुधाची मिठाई व बी-बियाणे मात्र सोडून द्यावी लागतात.

खरी परीक्षा ऋतूंची. बीडचा सूर्यास्त वर्षभरात सव्वा-दीड तासच मागेपुढे होतो. मेलबर्नला डिसेंबरात पावणेनऊपर्यंत सूर्य असतो, जूनमध्ये तो सव्वापाचच्या आतच मावळतो. चातुर्मास तेथे ऐन थंडीत सुरू होतो. नवकारसी जवळजवळ साडेआठला, आणि मुले कामावरून परतण्याआधी चौविहार! मूराबिन उपनगरात जिनमंदिर आहे, दर्शनाची उणीव नाही. सायंकाळी मात्र सासू-सासरे दोघेच जेवतात. नातवंडांसाठी एवढा समुद्र ओलांडून आलेल्यांना ते रिकामे पाट फार बोचतात.

त्यामुळे शक्यतो दिवाळीचे वहीपूजन आटोपून निघावे. त्या दिवसांत मुले घरी परतल्यावरही सर्वांची ताटे वाढण्याइतका उजेड उरतो.