खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि घामाचं मीठ

खिशात बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरबद्दल लोक आधी कॅलिबर विचारतात, मग वजन, मग किंमत. फिनिशची गोष्ट निघालीच तर ती दिसण्यापुरती असते, काळं घ्यावं की चंदेरी. धातूवरचे लेप हा माझा कामाचा विषय, आणि या शस्त्रांकडेही मी त्याच नजरेनं पाहत आलो आहे. लेप किती वर्षं टिकतो हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तो जाताना कसा जातो आणि गेल्यावर खाली कोणता धातू उघडा पडतो, हे मला आधी कळायला हवं असतं. घासून हळूहळू विरणाऱ्या लेपाबरोबर माणूस सुखानं राहू शकतो. पापुद्रा धरून सुटणारा लेप मात्र खालच्या धातूला झाकल्याचं नुसतं सोंग करतो, आणि नुकसान तिथेच होतं.

कमरेच्या पट्ट्यावरच्या शस्त्रापेक्षा खिशातल्या शस्त्राचं जगणं वेगळं असतं. त्यातून गोळ्या फार झाडल्या जात नाहीत; ते वर्षानुवर्षं नुसतं वागवलं जातं. अंगाची ऊब, घामातलं मीठ आणि लॅक्टिक आम्ल, कापडाचा कोंडा, आणि पावलागणिक होणारं घर्षण हे सगळं एकाच वेळी चालू असतं. यातल्या घर्षणाची आणि गंजाची गल्लत करू नये. नळीचं तोंड, सिलिंडरची पुढची कड, फ्रेमच्या बाजूच्या पट्टीची धार, ट्रिगर गार्डचा तळ इथं रंग उडून धातू चमकायला लागतो, ते घर्षण. सिलिंडरभोवती उमटणारी बारीक रेघ तर खिशामुळे पडतच नाही. ती सिलिंडर जागेवर अडवणाऱ्या खटक्याची असते आणि कपाटात ठेवून नुसतं फिरवलेल्या रिव्हॉल्व्हरवरही दिसते. चमकणाऱ्या कडांनी शस्त्राचं काही बिघडत नाही. बिघडवतो तो गंज, आणि तो बहुतेक वेळा नजरेआड सुरू होतो: मुठीच्या पट्ट्यांखाली, एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीमागे, स्क्रूच्या खाचेत.

या जातीच्या शस्त्रांचा इतिहास माझ्या बाजूनं बोलतो. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं ‘चीफ्स स्पेशल’ १९५० साली आलं. ते साध्या पोलादाचं, साधारण साडेपाचशे ग्रॅमचं, आणि ब्लूइंग केलेलं किंवा निकेल चढवलेलं मिळे. ब्लूइंग म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला ब्लॅकोडायझिंग म्हणतात त्याच कुळातली प्रक्रिया: कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात पोलादाच्याच पृष्ठभागाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचं. हा थर जेमतेम मायक्रॉनभराचा असतो आणि स्वतःच्या बळावर फारसं संरक्षण देत नाही. तो तेल धरून ठेवतो, आणि संरक्षण ते तेल करतं. म्हणून खिशात ब्लूइंग लवकर जातं. पण जाताना ते काही लपवत नाही. तांबूस डाग पडला की दिसतो, पुसता येतो, तेल लावता येतं. निकेलचं उलट आहे. तो लेप कठीण आणि देखणा, पण पोलादापेक्षा कमी क्रियाशील. त्यामुळे त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी त्या जागी पोलाद अधिक जोरानं गंजतं आणि गंज लेपाखालून पसरतो. वरून सगळं लखलखीत असतं. १९६५ साली त्याच कंपनीनं मॉडेल ६० आणलं, पूर्ण स्टेनलेस पोलादाचं. खिशाच्या प्रश्नाला मला पटणारं हे पहिलं उत्तर, कारण त्यात लेपच नाही. घासून जायला काही नाही, सुटायला काही नाही, आणि चरा पडला तर बारीक पॉलिशनं मिटतो. तरीही स्टेनलेस गंजत नाही असं कोणी समजू नये. स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. शस्त्रांसाठी सहसा वापरतात ते कडक करता येणारं ४०० मालिकेचं पोलाद असतं, त्यात क्रोमियम कमी आणि निकेल जवळजवळ नसतंच. घामातलं क्लोराइड त्यालाही बारीक खड्डे पाडू शकतं.

खरी गुंतागुंत ॲल्युमिनियमच्या फ्रेमपासून सुरू होते. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास उतरतं, आणि खिशात वागवणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. ॲल्युमिनियमवरचा काळा रंग पोलादावरच्या काळ्यापेक्षा मुळातच वेगळा असतो. ब्लूइंगच्या कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम बुडवली तर ती विरघळायला लागेल. तिला ॲनोडायझिंग करावं लागतं. त्यात धातूतूनच ऑक्साइडचा कठीण थर वाढवतात आणि त्याच्या छिद्रांत रंग भरतात. हा थर धातूचाच भाग असल्यामुळे सोलून निघत नाही, घासून कडांवर पांढुरका होतो, एवढंच. चंदेरी फ्रेमवर मात्र काही वेळा पारदर्शक लाखेसारखा थर दिलेला असतो, शेजारच्या स्टेनलेस सिलिंडरशी रंग जुळावा म्हणून. ओल धरलेल्या भिंतीवरच्या रंगासारखा हा थर फुगतो आणि पापुद्र्यांनी सुटतो, आणि मग घाम त्या पापुद्र्याखाली साचून राहतो. दुकानात मात्र चंदेरी रंग पाहून लोक त्याला स्टेनलेस समजतात. उलटपक्षी, स्मिथ अँड वेसनच्याच मॉडेल ४४२सारख्या काळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बराच काळ सिलिंडर साध्या कार्बन पोलादाचं येत असे. फ्रेम गंजत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्याच्या सिलिंडरला गंज चढे. प्रत्येक भाग कोणत्या धातूचा आहे हे म्हणूनच वेगवेगळं विचारलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की रिव्हॉल्व्हर हे साधन आहे, त्याच्या रूपाची एवढी काळजी कशाला? चमकलेल्या कडांपुरता तो मला मान्य आहे. पण बाहेर मीठ पोचलं तर ते आत स्प्रिंगांपर्यंत आणि फायरिंग पिनपर्यंतही पोचतं, आणि सिलिंडरच्या घरांत खड्डे पडले की रिकामी काडतुसं अडकतात. दुसरा आक्षेप आधुनिक लेपांचा. डीएलसी, पीव्हीडी अशा थरांचे सॉल्ट स्प्रे चाचणीतले तास जाहिरातीत छापलेले असतात. ही चाचणी मी कमी लेखत नाही. पण तिच्यात ५ टक्के मिठाचा फवारा ३५ अंश सेल्सियसला सतत सोडतात, आणि नमुना स्थिर टांगलेला असतो. त्याला कोणी कापडानं घासत नाही, किल्ल्यांवर आपटत नाही. खिसा दोन्ही करतो. त्या तासांचं वर्षांत रूपांतर करणं चूक आहे. तिसरा आक्षेप वजनाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार. पोलादी रिव्हॉल्व्हर खिसा खाली ओढतं, म्हणून माणूस ते घरी ठेवू लागतो. अशा माणसाला मी रंगीत ॲनोडायझिंगची फ्रेम आणि स्टेनलेस सिलिंडर सुचवीन. टायटॅनियमही आहे: कानपूरच्या आयुध निर्माणीनं २०१४ साली आणलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं. घामाला टायटॅनियम दाद देत नाही, पण घासणाऱ्या भागांत ते चिकटून ओरखडतं. म्हणून टायटॅनियम सिलिंडरवर संरक्षक थर देतात, आणि तिथं खरखरीत काही वापरू नये.

कोकणपट्टीत किंवा मुंबईत जूनपासून हवाच ओली असते, तेव्हा परवानाधारकांनी देखभाल लेपावर सोपवू नये. खिशात किल्ल्या-नाणी न ठेवता फक्त खिशाचं म्यान ठेवावं. रात्री शस्त्र चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडं ओल धरतं. आधी गोळ्या काढून, सिलिंडर पाहून, कोरड्या फडक्यानं पुसावं, तेलाचा नुसता हात फिरवावा, आणि पावसाळ्यात मुठीच्या पट्ट्या उघडून आत पाहावं. निकेल असेल तर तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण लावू नये. निकेलखाली तांब्याचा थर असला तर ते तो खातं. नवं फिनिश हवं झालं तर ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे मुळीच जाऊ नका. आम्लात बुडवलेल्या स्प्रिंगांत हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात आणि पुढे अचानक तुटतात. शिवाय दुसऱ्याच्या शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारक शस्त्र-कारागिराकडेच जा, आणि काम देण्याआधी फ्रेम कोणत्या धातूची आहे हे त्याच्याकडून वदवून घ्या.