हौद्यातल्या सायकली

सायकल हा टेम्पोवाल्यांचा नावडता माल. वजनाला काही नाही आणि जागा मात्र कपाटाएवढी खाते. आमच्या पिकअपवाल्या मामांची तक्रार याहून खोल आहे. गाडी दीड टनाच्या हिशेबाने बांधलेली, मागचे कमानपाटे कांद्याच्या गोण्यांसाठी घडवलेले. त्यात दहा सायकली म्हणजे जेमतेम दीडशे किलो. पाटे दबतच नाहीत. मग भिवंडीच्या पुढे प्रत्येक खड्ड्यावर हौदा उडतो, आणि त्याच्याबरोबर आमचा ऐवजही. म्हणून मामा मागच्या चाकांवर रेतीच्या गोणी टाकून ठेवतात. आम्ही भाडं देतो सायकलींचं. गाडी वाहते रेती.

सायकल परक्या हातांत सोपवायची सवय मला लहानपणीच लागली. मे महिन्यात मुलुंडहून आजोळी राजूरला जाताना ती एसटीच्या टपावर चढायची. हमाल मागच्या शिडीवरून तिला एका हाताने वर न्यायचा आणि ट्रंका-वळकट्यांच्या मध्ये आडवी पाडायचा. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा. कसारा घाटातल्या वळणांवर वर काहीतरी सरकल्याचा आवाज यायचा आणि माझं सगळं लक्ष छताकडे. पुढे कॉलेजात हर्क्युलिसची एमटीबी आली. एमटीबी म्हणजे तेव्हा जाड टायर आणि आडवं हँडल, गिअर नव्हतेच. ती घाटकोपरहून लोकलच्या मालडब्यातून कसाऱ्याला जायची, रिकाम्या दुधाच्या कॅनांच्या संगतीत. दूधवाले आधी शिव्या द्यायचे, मग जागा करून द्यायचे. हा क्रम कधी चुकला नाही.

आता कुणी म्हणेल, डोंगरी सायकल चालवायला कसाऱ्यापार कशाला? डोंगर तर दाराशीच आहे. राष्ट्रीय उद्यानाचं शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल एका अंगाने बोरिवलीला आणि दुसऱ्या अंगाने मुलुंडला टेकलेलं आहे. पण बोरिवलीच्या फाटकातून सायकल जाते ती कान्हेरीच्या डांबरी रस्त्यापुरती. आतल्या पायवाटा वनखात्याच्या आणि बिबट्यांच्या, आणि ते योग्यच आहे. बाहेर पडायचे रस्तेही एकेक करून सायकलला मिटत गेले. पुण्याच्या एक्सप्रेसवेवर तिला मनाई. 2024 मध्ये अटल सेतू झाला, तिथेही मनाई. पिकअपच्या हौद्यात आडवी पडलेली असेल तर मात्र दोन्हीकडे तिचं स्वागत आहे. टोल भरला की झालं. सायकल स्वतःच्या चाकांवर असली की अडचण, माल झाली की वाहतूक.

आमच्यात काही कडवे आहेत. घरापासून पॅडल मारलं तरच राईड, बाकी सगळं सामान हलवणं, असं त्यांचं मत. पहाटे चारला ठाण्यापुढे डंपरच्या रांगेत हे मत टिकवायला धैर्य लागतं, हे मी मान्य करतो. पण माउंटन बाइकचा जन्मच मुळी ट्रकच्या आसऱ्याने झाला. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ 1976 पासून चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली पिकअपमध्ये टाकून डोंगरावर न्यायची आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडायची. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार! पाय उलटा मारून लागणारा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं. दुसऱ्या वर्षी ब्रीझने अशा उतारांसाठीच नवी फ्रेम बनवली. ट्रक नसता तर त्या अवजड सायकली वर ढकलायला किती जण तयार झाले असते, कोण जाणे.

भरण्याचं एक शास्त्र आहे. एक सायकल तोंड पुढे, दुसरी तोंड मागे, म्हणजे हँडलं गुंतत नाहीत. आतली पॅडलं काढायची, नाहीतर शेजारणीच्या आऱ्यांत शिरतात. गिअरच्या बाजूवर काहीही टेकवायचं नाही. मध्ये गोणपाट. दोरीने घट्ट आवळली तर रंग जातो, सैल ठेवली तर दात वाजतात; फुटक्या ट्यूब उभ्या कापून केलेल्या पट्ट्या सगळ्यांत बऱ्या. इथे माणसं कळतात. रस्त्यावर पहिल्याच चढाला आमचा ग्रुप मोडतो, ज्याच्या त्याच्या फुप्फुसांप्रमाणे. हौद्याशी मात्र कार्बन फ्रेमवाल्याला आपली सायकल दुसऱ्याच्या लोखंडी घोड्याला टेकू द्यावी लागते. काही जण तोंड फिरवून चहाला जातात. त्यांचं दुःख मी समजू शकतो.

पिकअप अंधेरीहून निघते, घाटकोपर करत मुलुंडला भरते. बोरिवलीकर घोडबंदरवरून परस्पर येऊन माजिवड्याला चढवतात. घोटीला सगळं उतरवायचं, मग बारीवरून शेंडी, आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाला रतनवाडी, साम्रद, घाटघर करत वळसा. हे धरण 1926 मध्ये पुरं झालं. पुढे डांबर कुठे आहे, कुठे नुसतीच त्याची आठवण. संध्याकाळी शेंडीला पुन्हा भरणी. आणि तिथे खरा पेच. जी आधी उतरायची ती शेवटी चढली पाहिजे. अंधेरीची सर्वांत आत, बोरिवलीची फाळक्याशी. आता आमचे बोरिवलीकर पायाने तिखट, ते सगळ्यांच्या आधी पोचतात. अंधेरीचे दोघे साम्रदला फोटो काढत बसतात. ते येईपर्यंत एकही सायकल वर चढत नाही आणि तिखट मंडळी थंड घामात, कांदाभजी खात तासभर रस्त्याकडे बघत राहतात.

गेल्या हिवाळ्यात बोरिवलीकरांनी सूचना केली, की अंधेरीकरांनी घोटीहून तासभर आधी निघावं. अंधेरीकरांची उलट सूचना आली: पिकअपच बोरिवलीहून सोडावी. मामांनी दोन्ही ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "शेठ, गाडी रात्री माझ्या चाळीसमोर उभी असते. चाळ अंधेरीत आहे."

क्रम तोच राहिला.