लेकीची पात आम्ही धरली

मायबहिणींनो, गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. इकडं पालमला आमच्या रानात कापूस फुटून पांढरा झालेला, वेचायला माणूस मिळेना. अशात थोरली लेक शाळेतून सांगत आली, "आई, बॅडमिंटनला माझं नाव लागलंय. परभणीला जायचंय, दोन दिवस."

सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं चारचौघांत उड्या मारायच्या?" मी गप्प राहिले. खरं सांगते, मला वेचणीला तिचे हात हवे होते.

रात्री तिनं सरांनी उतरवून दिलेला कागद वाचून दाखवला. मुंबईची अपर्णा पोपट, जन्म १९७८ चा. सोळाव्या वर्षी घर सोडून बंगळूरला प्रकाश पदुकोण यांच्याकडे शिकायला गेली. १९९६ साली डेन्मार्कला जागतिक ज्युनिअर स्पर्धेत रौप्यपदक. १९९८ पासून २००६ पर्यंत ओळीनं नऊ वेळा देशाची विजेती. दोनदा ऑलिंपिकलाही जाऊन आली.

माझं मन मात्र दुसऱ्याच ओळीपाशी अडलं. २००० साली सर्दीवर घेतलेल्या साध्या औषधात खेळाडूंना मनाई असलेला पदार्थ निघाला. तीन महिने खेळायला बंदी आली. केवढी नामुष्की! पण पोर घरात तोंड लपवून बसली नाही. त्यानंतर आणखी सहा वेळा जिंकली. मनगटाच्या दुखण्यानं खेळ सोडला तो २००६ साली. गारपिटीनं रान झोपलं तरी पुढच्या मिरगाला आपण पेरतोच की!

सासूबाईंना मी पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या लेकींचं सांगितलं. तारा, सुंदर आणि सुमन, तिघीही १९४० नंतरच्या काळात राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, त्याही साडी नेसून. सासूबाई जरा वेळानं म्हणाल्या, "साडीत? मग आपल्या पोरीचं काय अडलंय? जाऊ दे तिला."

दोन दिवस तिची पात आम्ही दोघी सासू-सुनांनी धरली. कंबर मोडली, पण कापूस घरी आला.

लेक पहिल्याच सामन्यात हरून आली. जेवली, आणि अंगणात लिंबापासून गोठ्याच्या मेढीपर्यंत दोरी बांधून पुन्हा फूल उडवू लागली. पलीकडं उभं राहायला कोणी नव्हतं. मग मीच पदर खोचला.

बहिणींनो, तुमच्या लेकीचं नाव कशात लागलं, तर तिची दोन दिवसांची पात तुम्ही धरा.